गावरान, पुसा रुबी की अर्का विकास? लातूरच्या एका परसबाग गटाने टोमॅटोची चव कशी ठरवली

पार्श्वभूमी

लातूर शहरात घरापुरती भाजी पिकवणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. कोणाकडे जुन्या घरामागचा परस, कोणाकडे गच्चीवरच्या कुंड्या, तर कोणाकडे बंगल्याच्या कुंपणालगतचा अरुंद पट्टा. मृगाच्या आधी एकमेकांना बी वाटायचं, हा गटाचा शिरस्ता. दोडका, गवार, वाल यांच्या बियांवरून कधी वाद झाला नाही, टोमॅटोवरून मात्र झाला. जो तो वेगळा वाण लावायचा, त्यामुळे बियांच्या पुड्या वाढत गेल्या आणि नेमकं कोणतं बी जपायचं ते कळेना. शेवटी ठरलं, की चवीला सरस असा एकच वाण निवडायचा आणि गटाने मिळून त्याचंच बी धरायचं.

या निवडीची आखणी करायला मी गटाला मदत केली. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत आणि माणसांना त्यांच्या नात्याच्या हाकेनेच ओळखलं आहे.

वाण असे होते. परसवाल्या मावशींकडे वर्षानुवर्षं राखलेला गावरान: लहान, घड्यांचा, पातळ सालीचा, आंबट. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या गच्चीवर पुसा रुबी, म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना वाण. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांकडे बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास. एका वहिनींकडे रोपवाटिकेतून आणलेली हायब्रीड रोपं, बाजारात मिळतात तशी लांबट, टणक फळं देणारी. दोघा-तिघांकडे चेरी टोमॅटोही होते.

अडचण

हुरड्याच्या दिवसांत सगळे जमले तेव्हा प्रत्येकाने आपापली फळं आणली. ताटांवर नावं लिहिलेली होती. फोडी चाखल्या, हात वर केले, मतं मोजली. मावशींचा गावरान सहज पहिला आला. काकांचा पुसा रुबी सगळ्यांच्या मागे राहिला. "ह्याला नुसतं पाणीच लागायलंय," असं वहिनी मोकळेपणाने बोलून गेल्या. सरांच्या अर्का विकासला देठाकडे हिरवट पट्टा होता. तो पाहून बहुतेकांना फळ अर्धवट पिकलेलं वाटलं आणि फोड न उचलताच ते पुढे गेले. वहिनींची हायब्रीड फळं फ्रिजमधून थेट ताटात आली होती. मावशींनी त्यांची त्याच सकाळी खुडली होती.

काकांना निकाल पटला नाही. "मावशी, माझं रोप तुमच्या परसात लावा. मग बोलू," ते म्हणाले. त्यांनी हे रागाने म्हटलं असलं, तरी पुढचं सगळं प्रकरण याच वाक्यावर उभं राहिलं, कारण त्यात खरी अडचण नेमकी सापडली होती. प्रत्येक वाण एकाच घरातून आलेला. त्यामुळे चव वाणाची, मातीची, पाण्याची की खुडण्याच्या वेळेची, हे त्या ताटांवरून कोणालाच सांगता आलं नसतं.

लातूरमध्ये पाण्याचा मुद्दा तर डावलताच येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून अनेक घरांत बादलीभर पाणीही वाया जाऊ देत नाहीत. मावशींच्या बोअरचं पाणी मचूळ. शिवाय घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं, क्षार साचलेलं पाणी त्या परसातच सोडतात. काका नळाचं पाणी सकाळ-संध्याकाळ कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांना घालतात. सरांच्या काळ्या मातीत ठिबकची नळी दिवसाआड चालते.

याचा चवीशी थेट संबंध आहे. टोमॅटोच्या फळात जवळपास 95 टक्के पाणीच असतं. मुळांना पाणी कमी मिळालं किंवा खारट मिळालं, की फळात पाणी कमी शिरतं. फळ लहान राहतं आणि त्यातली साखर व आम्ल दाट होतात. म्हणजे मावशींचं फळ गावरान असल्यामुळे चवदार होतं की तहानलेलं असल्यामुळे, हा रास्त प्रश्न होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता झालेलं मतदान मान्य करून गावरानचं बी वाटण्याचा. मावशींचा मान राहिला असता आणि गटातल्या निम्म्या लोकांना ते पुरेसंही वाटत होतं. धोका इतकाच, की गोड्या पाण्यावर, गच्चीत तेच बी लावणाऱ्याला वेगळीच चव मिळाली असती आणि दोष बियांवर आला असता.

दुसरा पर्याय होता तीच फळं पुन्हा आणायची, पण नावं झाकून चाखायची. सरांना हे सोपं वाटत होतं. नावाचा आणि माणसाचा प्रभाव यातून नक्की गेला असता. पण वाण आणि घर यांची गाठ तशीच राहिली असती, म्हणून मी या पर्यायाच्या विरोधात बोललो.

फळं प्रयोगशाळेत पाठवावीत, असंही कोणी सुचवलं. साखर आणि आम्लाचे आकडे त्यातून मिळाले असते, पण टोमॅटोची चव तेवढ्यावर संपत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या आणि इतर शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये 398 वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आवडणाऱ्या चवीत साखर आणि आम्लाबरोबर उडून जाणाऱ्या, नाकाला जाणवणाऱ्या अनेक द्रव्यांचा मोठा वाटा असतो आणि आधुनिक व्यापारी वाणांत त्यांपैकी बरीच कमी झाली आहेत, असं त्यांना आढळलं. हा वास मोजण्याची यंत्रं महाग असतात. शिवाय कोणती चव आवडते ते यंत्र सांगत नाही.

चौथा पर्याय काकांच्या वाक्यातूनच निघाला: प्रत्येक वाण प्रत्येक घरी लावायचा. यात एक आख्खा हंगाम जाणार होता, जागा अडणार होती आणि मावशींना त्यांचं बी इतरांच्या हाती द्यावं लागणार होतं. तरीही गटाने हाच मार्ग धरला. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच.

काय केलं

वाण चारच ठेवले: गावरान, पुसा रुबी, अर्का विकास आणि हायब्रीड. चेरी टोमॅटो वगळले, कारण तोंडात पडताच ते आकारावरून ओळखू येतात आणि त्यांच्या गोडीबद्दल वाद नव्हताच. हायब्रीडचं बी धरण्यात अर्थ नसतो, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. सरांचं म्हणणं पडलं, की बाजारच्या चवीशी तुलना करायला तो हवाच. तो ठेवला, हे चांगलं झालं. मावशींचा परस, काकांची गच्ची आणि सरांचा पट्टा अशा तिन्ही ठिकाणी प्रत्येक वाणाची तीन-तीन रोपं. बी भाद्रपदात टाकलं, रोपं ऑक्टोबरमध्ये लावली. त्यामुळे फळं ऐन थंडीत आली. हे मुद्दाम केलं होतं. पारा 30 अंशांच्या फार वर गेला, की फळातला लाल रंग नीट तयार होत नाही, फळं नारिंगी राहतात. रात्री उबदार असल्या तर फळधारणाही घटते. मार्च-एप्रिलमधल्या फळांवरून वाणाची परीक्षा करणं त्या वाणावर अन्याय करणारं ठरलं असतं.

मावशी बी द्यायला लगेच तयार झाल्या नाहीत. "देते की. पण माझं बी त्या हायब्रीडच्या शेजारी बिघडवू नका," त्यांनी सांगितलं. ही भीती निराधार नव्हती. टोमॅटोच्या फुलात बहुतेक वेळा स्वपरागीभवनच होतं. पण काही जुन्या वाणांत स्त्रीकेसराचं टोक परागकोशांच्या नळीबाहेर डोकावतं आणि मधमाश्यांमुळे संकर होऊ शकतो. म्हणून मावशींच्या परसातल्या गावरान झाडांवर काही फुलांच्या घोसांना उमलण्याआधीच ऑर्गंडीच्या पातळ पिशव्या बांधल्या. रोज सकाळी घोसाला हलकी टिचकी मारली, की आतल्या आत पराग पडतो. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि बी फक्त त्याच फळांचं घ्यायचं. हे ठरलं, तेव्हाच मावशींनी पुडी काढून दिली.

खरा वाद झाला पाण्यावरून. सर म्हणाले, तिन्ही घरी पाणी सारखंच द्या, तरच वाणाचा फरक दिसेल. काकांचं म्हणणं उलट होतं. बी शेवटी ज्या घरांत जाणार, तिथे ज्याचं त्याचं पाणीच मिळणार. मग आत्ता खोटं सारखेपण कशाला? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मी काकांच्या बाजूने कौल दिला, एका अटीवर: कोणी, कधी, कोणतं आणि साधारण किती पाणी दिलं ते वहीत लिहायचं. गटाला वाणाचं शास्त्रीय वर्णन करायचं नव्हतं, आपल्या घरी काय लावावं ते ठरवायचं होतं. म्हणून घराघरांतला फरक पुसून टाकण्यापेक्षा तो दिसू देणं जास्त उपयोगाचं होतं.

खुडणीचा नियम कडक ठेवला. फळावर पहिला गुलाबी डाग दिसला की देठाला दोरा, पूर्ण लाल झाल्यावर खुडायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. फ्रिजबद्दल वहिनींना पटवावं लागलं. टोमॅटो साधारण 12 अंशांखाली बरेच दिवस राहिला, की वासाची द्रव्यं तयार करणारी यंत्रणाच मंदावते. 2016 मधल्या एका अभ्यासात 5 अंशांवर आठवडाभर ठेवलेली फळं नंतर बाहेर काढली, तरी त्यांचा वास पूर्ण परतला नाही. साखर आणि आम्ल मात्र जवळपास तेवढंच राहिलं होतं. म्हणूनच फ्रिजमधलं फळ खराब वाटत नाही, नुसतं फिकं वाटतं.

चाखायला बारा जण होते. त्यात फक्त बागवाले नव्हते. घरातली सासरेमंडळी आणि कॉलेजला जाणारी मुलंही होती. चाखण्यापूर्वी तासभर चहा, सुपारी, तंबाखू बंद. दोन फोडींच्या मध्ये घोटभर पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या. डोळ्यांना पट्टी बांधून घ्यायला वडीलधारे तयार नव्हते, म्हणून खिडक्या झाकून लाल झिरोचा बल्ब लावला. त्या उजेडात हिरवं, नारिंगी, लाल सगळं एकसारखं दिसतं. वाट्यांवर तीन आकडी क्रमांक, आणि प्रत्येकापुढे वेगळा क्रम, कारण पहिली फोड नेहमीच जरा जास्त आवडते. फोड फळाच्या मधल्या भागातून, साल, गर आणि बियांभोवतीचा बुळबुळीत रस तिन्ही येतील अशी, खायच्या थोडंच आधी कापलेली. आंबटपणा आणि चव भरणारं ग्लुटामेट बियांभोवतीच्या रसात जास्त असतं. तो वगळून नुसत्या सालीकडच्या गराची फोड दिली, तर आंबट वाणही मवाळ वाटतो.

आवडनिवड विचारण्याआधी एक साधी परीक्षा घेतली. तीन वाट्या, दोन एका वाणाच्या आणि एक दुसऱ्याची. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणजे बारांत चार. आठ जण बरोबर आले, तरच फरक खरोखर जाणवतो असं मानायची रीत आहे. ही परीक्षा गावरान आणि पुसा रुबी यांच्यात, तिन्ही घरांच्या फळांवर वेगवेगळी केली. आधी फरक ओळखू येतो का ते बघायचं आणि मगच सरस-निरस ठरवायचं, हा क्रम मी कोणत्याही चाखणीत सोडणार नाही.

सरांनी रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, मोजलं. दर फळाचं वेगळं, कारण एकाच झाडाच्या दोन फळांत फरक पडतो. त्यात साखरेबरोबर आम्ल आणि क्षारही धरले जातात, त्यामुळे हा आकडा म्हणजे निव्वळ गोडी नव्हे. आम्लासाठी त्यांनी रस पातळ करून सोडियम हायड्रॉक्साइड आणि फिनॉल्फ्थॅलिनने टायट्रेशन केलं, म्हणजे रंग गुलाबी होईपर्यंत थेंबथेंब अल्क घालून ते किती लागलं ते मोजलं. रस पातळ केला नाही, तर त्याच्या स्वतःच्या लाल रंगात शेवटचा गुलाबी टप्पा ओळखू येत नाही.

काय निघालं

गच्चीवरच्या गावरान आणि पुसा रुबीच्या फळांत वेगळी वाटी कोणती हे बारांपैकी पाचच जणांनी ओळखलं. म्हणजे अंदाजाहून फारसं जास्त नाही. मावशींच्या परसातल्या फळांत नऊ जण बरोबर आले. सरांकडे सात, उंबरठ्याला एक कमी. जो वाण पहिल्या चाखणीत पहिला आला आणि जो शेवटचा, त्या दोघांत गच्चीवर लोकांना नीट फरकच करता आला नाही.

मावशींच्या परसात तर हायब्रीडसुद्धा लोकांना आवडला. चारही वाणांचं ब्रिक्स तिथे सर्वांत जास्त आलं, पाचाच्या वर, काही फळांत सहापर्यंत. गच्चीवर बहुतेक फळं चाराच्या आसपास राहिली. पहिल्या चाखणीत जिंकण्यामागे मावशींच्या परसाचा वाटा किती मोठा होता, ते इथे स्पष्ट झालं.

पण वाणाचा काहीच वाटा नव्हता असंही नाही. कच्च्या फोडींत तीनपैकी दोन घरी अर्का विकास पहिला आला. लाल उजेडात त्याचा हिरवा पट्टा दिसलाच नाही. त्या पट्ट्याची गंमत अशी, की तो दरवेळी कच्चेपणाची खूण असतोच असं नाही. कच्च्या फळाच्या देठाजवळ हरितद्रव्य जास्त असण्याचा तो गुण आहे. फळ सगळीकडून एकसारखं पिकावं म्हणून व्यापारी वाणांमध्ये आणलेल्या बदलामुळे फळातलं हरितद्रव्य घटलं आणि त्याबरोबर साखरही, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. पहिल्या दिवशी ज्या खुणेमुळे लोकांनी फोड उचलली नाही, ती उलट त्याच्या बाजूची होती. अर्थात अर्का विकासची गोडी इथे केवळ त्या गुणामुळेच आली, असं एवढ्या चाचणीवरून मी म्हणणार नाही.

गावरान गच्चीवर कच्चा खाताना शेवटचा आला. आंबटपणा होता, त्याला पेलणारी गोडी नव्हती. पण मावशींनी हट्ट धरला, की टमाटे कोणी नुसते खात नाही, शिजवूनही बघा. चारही वाणांचं सार केलं आणि शेंगदाण्याचं कूट घालून चटणी केली, मीठ-तिखट तोलून सारखं. सारात आणि चटणीत गावरान तिन्ही घरी पहिला आला, गच्चीवरचासुद्धा. गुळाच्या बोटभर खड्यासमोर आणि कुटाच्या स्निग्धपणासमोर तोच आंबटपणा टिकून राहत होता. हायब्रीडची चटणी दाट झाली, पण तिला चव अशी नव्हती. मावशींचा तो हट्ट नसता, तर गटाने गावरान चुकीच्या परीक्षेवर बाद केला असता.

तोट्याची बाजूही लिहून ठेवली आहे. मावशींकडे फळं सगळ्यात कमी आणि लहान आली. त्यांच्या अर्का विकासच्या बऱ्याच फळांचं बूड काळं पडलं. खारट किंवा अनियमित पाण्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही, तेव्हा असं होतं. माघ संपेपर्यंत वाफ्याच्या कडेला पांढरी पुटंही दिसू लागली. मातीच्या अर्काची क्षारता (त्यातून वीज किती वाहते यावरून ती मोजतात) दर मीटरला साधारण 2.5 डेसिसायमनपर्यंत टोमॅटो सहन करतो, पुढे दर एककाला उत्पादन सुमारे दहा टक्क्यांनी घटतं. त्यामुळे "आरओचं पाणी घाला, चव वाढवा" असा निरोप गटाने मुद्दाम पसरू दिला नाही.

काकांनी नंतर स्वतःच एक करून पाहिलं. फळं पूर्ण आकाराची झाल्यावर त्यांनी संध्याकाळचं पाणी बंद केलं. ब्रिक्स थोडं चढलं आणि चवही सुधारली. मग ते चार दिवस गावी गेले, शेजाऱ्यांनी प्रेमाने कुंड्या भरभरून भिजवल्या आणि पिकत आलेली फळं तडकली.

शेवटी एकच वाण निवडायचा हा मूळ बेतच गटाने सोडला. कच्चं खायला अर्का विकास, शिजवायला गावरान. पुसा रुबी लवकर येतो म्हणून काकांनी तो स्वतःपुरता ठेवला. प्रत्येक पुडीत वाणाच्या नावासोबत आता एक चिठ्ठी असते: हे बी कोणाच्या घरी, कोणत्या पाण्यावर वाढलं आणि कशात घालून चाखलं.

वेगळं काय करता येईल

पाण्याच्या वादात दोन्ही बाजू सांभाळायची एक वाट होती. सरांच्या पट्ट्यात जागा होती. तिथे एका ओळीला नेहमीचं आणि दुसऱ्या ओळीला फळ भरल्यावर निम्मं पाणी दिलं असतं, तर माती तीच ठेवून पाण्याचा परिणाम वेगळा मोजता आला असता. मावशींच्या परसात माती, पाणी, ऊन सगळंच वेगळं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं पाण्याचं, असं ठामपणे म्हणता येत नाही. पुढच्या हंगामात ही ओळ लावायची आहे.

बारा जण ही संख्या कमी आहे. सरांच्या घरची फळं सातावर अडकली, तिथे आणखी सहा-सात माणसं असती तर चित्र इकडे किंवा तिकडे स्पष्ट झालं असतं. शिवाय सालीबद्दल वेगळा प्रश्न विचारायला हवा होता. कवळी लावणाऱ्या दोन आजोबांनी जाड सालीमुळे हायब्रीडला कमी गुण दिले, पण तो मुद्दा त्यांच्या बोलण्यातच राहिला, नोंदीत आला नाही. शिजवण्याची चाचणी कच्च्या चाचणीबरोबर पहिल्यापासूनच धरायला हवी. आपल्याकडे टोमॅटो बहुतेक भाजी-आमटीतच जातो.

बियांचं काम ठरल्याप्रमाणे झालं. दोरा बांधलेल्या फळांचा रस बियांसह काचेच्या बरणीत दोन दिवस आंबवला, बुळबुळीत आवरण सुटल्यावर बी धुऊन सावलीत वाळवलं. मावशींच्या वाफ्यात आरओचं पाणी सध्या बंद आहे. पावसाळ्यानंतर मातीची क्षारता तपासून घ्यायची आणि मगच अर्का विकास तिथे पुन्हा लावायचा की नाही ते ठरवायचं, असं गटाच्या वहीत लिहिलं आहे.